लाखात एक प्रथिन आणि सोळा अक्षरांची परीक्षा

बोटाला सुई टोचून काढलेला रक्ताचा थेंब साधारण २० मायक्रोलिटरचा असतो. कळवणसारख्या आदिवासीबहुल तालुक्यात सिकलसेलची पहिली चाचणी होते ती अशाच थेंबावर. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात सुमारे ५० लाख लाल पेशी असतात, म्हणजे थेंबात १० कोटी. एकेका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू. गुणाकार केला तर त्या एका थेंबात २७० कोटी कोटी रेणू भरतात. २७ वर पंधरा शून्ये. हा आकडा वाचून डोकं गरगरलं तरी एक लक्षात ठेवा: यात हिमोग्लोबिन भरपूर आहे म्हणूनच चाचणी सोपी आहे. सोडियम डायथायोनाइटच्या द्रावणात थेंब टाकायचा आणि मागच्या कागदावरच्या रेघा दिसतात का बघायचं. द्रावण गढूळ झालं, रेघा दिसेनाशा झाल्या, तर पुढच्या पक्क्या तपासणीला पाठवायचं. हे काम उपकेंद्रातही होतं.

या लेखाचा विषय मात्र हिमोग्लोबिन नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकाला 'आता चालू हो, आता थांब' असं सांगणारी प्रथिनं आहेत. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. ती पेशीत इतकी थोडी असतात की ती आहेत हे सिद्ध करणं हेच एक शास्त्र झालं आहे. त्या शास्त्रात १५-१६ अमिनो आम्लांच्या एका छोट्या साखळीला, ब्लॉकिंग पेप्टाइडला, मानाचं पण नेमकं ओळखायला हवं असं स्थान आहे. सिकलसेलच्या आजवरच्या सर्वांत गाजलेल्या उपचाराची वाट याच थोड्या प्रथिनांमधून गेली, म्हणून कळवणच्या माणसालाही या आकड्यांशी घेणंदेणं आहे.

आधी आजाराचा हिशेब. माणसाच्या डीएनएचा एक संच सुमारे ३२० कोटी अक्षरांचा. त्यातल्या एका अक्षराच्या जागी दुसरं आलं, ए च्या जागी टी, की बीटा साखळीच्या १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. आईकडून आणि वडिलांकडून असं दोन्हीकडून आलं की सिकलसेलचा आजार. हिमोग्लोबिनच्या रेणूतच दोष आहे हे लायनस पॉलिंग यांच्या गटाने १९४९ मध्ये दाखवलं. नेमका दोष कुठे, हे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६ मध्ये शोधलं. त्यांनी हिमोग्लोबिन ट्रिप्सिनने कापून तिसेक लहान पेप्टाइड केले, कागदावर पसरवले आणि निरोगी व आजारी रक्ताचे डाग शेजारी ठेवून पाहिले. बाकी सगळे डाग जागच्या जागी, एकच सरकलेला. रेणवीय वैद्यकाची सुरुवातच अशी एका पेप्टाइडच्या डागापासून झाली, आणि भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेल आढळल्याची नोंद लेमन आणि कटबुश यांनी केली ती त्याच्या चारच वर्षं आधी, १९५२ मध्ये.

आता या आजारातली एक गोष्ट आईला कळते, आकडेशास्त्र्याला नंतर. सिकलसेलचं बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं. कारण गर्भात आपण वेगळं हिमोग्लोबिन वापरतो. त्यात बीटा साखळी नसतेच, गॅमा असते. जन्मानंतर गॅमाचं जनुक बंद पडत जातं आणि बीटाचं चालू होतं. निरोगी प्रौढात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन एखाद्या टक्क्याच्या आसपास उरतं. ज्यांच्यात ते जास्त उरतं त्यांचा सिकलसेल सौम्य असतो. भारतातल्या सिकलसेल रुग्णांत ते आफ्रिकेतल्या बहुतेक रुग्णांपेक्षा जास्त आढळतं, हे पश्चिम आणि मध्य भारतातल्या आदिवासी रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आलं. मग प्रश्न सरळ होता: गॅमाचं दार बंद कोण करतं?

उत्तर २००८ मध्ये आलं. बोस्टनमधल्या विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखवलं की बीसीएल-११ए नावाचं ८३५ अमिनो आम्लांचं प्रथिन गॅमाचं जनुक गप्प ठेवतं. बीसीएल-११एला चालना देणारं आणखी एक प्रथिन केएलएफ-१, ३६२ अमिनो आम्लांचं. लाल पेशी घडवण्याच्या कामाचा मुकादम गाटा-१, ४१३ अमिनो आम्लांचं. माणसात एकूण जनुकं २० हजारांच्या घरात आणि त्यातली अशी हुकूम देणारी प्रथिनं सुमारे १६००.

ही प्रथिनं बोटाच्या थेंबात शोधून सापडणार नाहीत, कारण पिकलेल्या लाल पेशीत केंद्रकच नसतं. ती शोधायची अस्थिमज्जेत, जिथे दर सेकंदाला २० लाखांहून अधिक लाल पेशी तयार होतात, किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत. आणि इथून आकड्यांची खरी गंमत सुरू होते.

एका सर्वसाधारण पेशीत प्रथिनांचे सगळे मिळून ३०० कोटींच्या पुढे रेणू असतात. एखाद्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचे किती? काही हजारांपासून काही लाखांपर्यंत. हिशेबासाठी आपण ३० हजार धरू. ३०० कोटींत ३० हजार म्हणजे बरोबर लाखात एक. मराठीत 'लाखात एक' आपण कौतुकाने म्हणतो. प्रयोगशाळेत ती अडचण असते. असं प्रथिन शोधायला वापरतात ती अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला धरणारा रेणू. ती आपल्या प्रथिनाला जितकी घट्ट धरते त्याच्या एक हजारांश जोराने जरी ती बाकी गर्दीला चिकटली, तरी गर्दी लाखपट असल्यामुळे चुकीची पकड बरोबर पकडीच्या शंभरपट होते. ९९.९ टक्के प्रामाणिकपणा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच्या बाबतीत पुरत नाही. हिमोग्लोबिनच्या बाबतीत तो पुरून उरला असता, कारण लाल पेशीतलं बहुतेक सगळं प्रथिन तेच असतं.

अँटिबॉडी बनवतात कशी, ते थोडक्यात. हव्या त्या प्रथिनातला १५-१६ अमिनो आम्लांचा तुकडा निवडायचा. तो रसायनांनी, एकामागून एक अमिनो आम्ल जोडत, घट्ट राळेच्या कणांवर बांधायचा. ही रीत ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये मांडली आणि तिला १९८४ चं नोबेल मिळालं. तुकडा फार छोटा म्हणून त्याला एका मोठ्या प्रथिनाच्या पाठीवर बसवायचं. बहुधा ते एका समुद्री गोगलगायीचं निळं प्रथिन असतं. मग ते सशाला टोचायचं. काही आठवड्यांनी सशाच्या रक्तात त्या तुकड्याला ओळखणाऱ्या अँटिबॉडी येतात. आणि जो तुकडा टोचला, तोच सुटा, थोडा बाटलीत राखून ठेवला, की तो झाला ब्लॉकिंग पेप्टाइड.

तुकडाच का, अख्खं प्रथिन का नाही? याला एक सुंदर हिशेब आहे. दर जोडणीत ९९ टक्के यश मिळतं असं माना. १५ जोडण्यांनंतर ८६ टक्के साखळ्या शाबूत राहतात. ५० नंतर ६० टक्के. बीसीएल-११एच्या ८३४ जोडण्यांनंतर दहा हजारांत दोन. एक टक्का चूक कुणाला मोठी वाटत नाही, पण ती ८३४ वेळा झाली की हाती काही लागत नाही. सोळा अक्षरांपर्यंत, म्हणजे सोळा अमिनो आम्लांपर्यंत, रसायनशास्त्र आरामात पोहोचतं, म्हणून पेप्टाइड स्वस्त आणि शुद्ध मिळतं.

पण सोळाच अक्षरं एखाद्या प्रथिनाची ओळख पटवायला पुरतात का? अमिनो आम्लं २०. सोळा जागांवर त्यांची जुळवाजुळव करायची तर २० हा आकडा सोळा वेळा घेऊन एकमेकांशी गुणायचा. उत्तर येतं साडेपासष्ट लाख कोटी कोटी. या प्रत्येक शक्य पेप्टाइडचा एकेक रेणू बनवला तर सगळ्यांचं मिळून वजन किती भरेल? जेमतेम दोन ग्रॅम. मी हा हिशेब पुन्हा पुन्हा तपासून पाहिला आहे आणि तरीही दर वेळी थबकायला होतं: सोळा अक्षरांची शक्य असलेली सगळी भाषा चमच्यात मावते. आणि बीसीएल-११एच्या लांबीची, म्हणजे ८३५ अक्षरांची शक्य प्रथिनं? १ वर १०८६ शून्ये. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या १ वर ८० शून्ये धरतात. तिथे चमच्याचं नावच काढायला नको, विश्वही पुरत नाही.

सोळा अक्षरं ओळखीला पुरतात खरी, पण अँटिबॉडी सोळाच्या सोळा वाचत नाही. तिच्या हाताच्या पकडीत एका वेळी पाच ते आठच अमिनो आम्लं नीट बसतात. इथे हिशेब उलटतो. माणसाच्या २० हजार प्रथिनांची सगळी अक्षरं ओळीने लिहिली तर ती १ कोटी १० लाखांच्या आसपास भरतात. पाच अक्षरांचे शक्य शब्द ३२ लाख. म्हणजे कुठलाही पाच अक्षरी शब्द माणसाच्या प्रथिनांत निव्वळ योगायोगाने सरासरी तीन-चार ठिकाणी असणारच. सहा अक्षरांचे शक्य शब्द ६ कोटी ४० लाख. योगायोगाने सापडण्याची शक्यता साधारण सहात एक. आठ अक्षरांचे २५६० कोटी. तिथे योगायोग दोन हजारांत एकाच्याही खाली जातो. पाच आणि आठ यांच्यात फरक तीन अक्षरांचा, पण एका टोकाला अँटिबॉडी हमखास फसणारी आणि दुसऱ्या टोकाला विश्वासू.

हे झालं निव्वळ योगायोगाचं. प्रत्यक्षात ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर एकमेकांचे भाऊबंद असतात आणि तिथे शक्यता आणखी बिघडते. बीसीएल-११ए ज्या घराण्यातला आहे, त्या जस्ताच्या बोटांच्या, म्हणजे झिंक फिंगरच्या, घराण्यात माणसाची ७०० हून अधिक जनुकं आहेत. यातल्या बहुतेकांत दोन बोटांमध्ये थ्रिओनिन, ग्लायसिन, ग्लुटामिक आम्ल, लायसिन, प्रोलिन ही पाच अक्षरं याच क्रमाने, पुन्हा पुन्हा येतात. उत्क्रांतीने तो सांधा जपून ठेवला आहे. कुणी नकळत तोच भाग निवडून सशाला टोचला तर तयार झालेली अँटिबॉडी शेकडो प्रथिनांना हात घालेल. केएलएफ-१ च्या घराण्यात सतरा-अठरा जण, आणि सगळ्यांच्या शेपटाकडची तीन बोटं जवळजवळ सारखी. म्हणून जाणती माणसं पेप्टाइड निवडताना डीएनए धरणारा भाग सोडून देतात आणि ज्या टोकाला त्या प्रथिनाचं स्वतःचं वेगळेपण आहे तिथला तुकडा घेतात.

आता प्रत्यक्ष टेबलापाशी जाऊ. वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे अर्कातलं प्रथिन अँटिबॉडीने रेघेच्या रूपात दाखवणारा प्रयोग, लावायचा आहे. जेलच्या एका लेनमध्ये पेशींचा २० मायक्रोग्रॅम अर्क ओतला. तो साधारण लाखभर पेशींचा. त्यात आपल्या प्रथिनाचे, लाखात एक या हिशेबाने, ३०० कोटी रेणू आले. ३०० कोटी म्हटल्यावर ढीगभर वाटतात. त्यांचं वजन एका नॅनोग्रॅमच्याही आत, म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भागसुद्धा नाही. जेलमधून प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी झाली, मेम्ब्रेनवर उतरली. दोन लेन अगदी सारख्या भरल्या होत्या. मेम्ब्रेन मधोमध कापून दोन पट्ट्या केल्या.

दोन छोट्या नळ्या घ्यायच्या. दोन्हींत अर्धा मिलिलिटर द्रावण आणि १ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी. झाकणावर मार्करने एकीवर अधिक, दुसरीवर उणे. अधिकच्या नळीत ५ मायक्रोग्रॅम ब्लॉकिंग पेप्टाइड टाकायचं, उणेमध्ये नुसतं द्रावण. खोलीच्या तापमानाला तास-दोन तास, किंवा चार अंशांवर रात्रभर ठेवायचं. मग एकेक नळी एकेका पट्टीवर. बाकी सगळं दोघींना सारखं.

त्या १ मायक्रोग्रॅममध्ये काय आहे बघा. अँटिबॉडीचा रेणू मोठा, हायड्रोजनच्या अणूच्या दीड लाख पट जड. तरीही १ मायक्रोग्रॅममध्ये तिचे ४ लाख कोटी रेणू असतात. कळवणच्या वाचकाला हा आकडा कांद्यात सांगतो. प्रत्येक रेणू म्हणजे शंभर ग्रॅमचा एक उन्हाळ कांदा मानला तर ४० कोटी टन कांदा होतो. अख्ख्या भारतात वर्षाला अडीच ते तीन कोटी टन पिकतो. म्हणजे देशभरातलं सुमारे पंधरा वर्षांचं पीक त्या नळीत, आणि डोळ्याला दिसतं ते निवळ पाणी.

पेप्टाइड अँटिबॉडीच्या मानाने चिमुकलं, वजन तिच्या ऐंशीव्या भागाहून कमी. त्यामुळे वजनाने पाचपट घेतलं तरी संख्येने ते ४०० पटीहून अधिक होतं: १६७० लाख कोटी रेणू. अँटिबॉडीला दोन हात, तेव्हा एकेका हातामागे २०० पेप्टाइड गर्दी करून उभे. नवख्या विद्यार्थ्याला 'पाचपट' ऐकून वाटतं, इतकं कमी पुरेल का? पुरतं, ते या वजन आणि संख्येतल्या फरकामुळे.

सगळे हात भरतात का? नाही. चांगल्या अँटिबॉडीची पकड नॅनोमोलर दर्जाची धरली तर त्या नळीत कुठल्याही क्षणी साडेपाच हजारांत एक हात रिकामा सापडेल. ८ लाख कोटी हातांपैकी रिकामे सुमारे १४० कोटी, जवळजवळ भारताच्या लोकसंख्येएवढे. पुढे नळीतलं द्रावण पट्टीवर टाकताना दहा मिलिलिटरपर्यंत वाढवतात. पेप्टाइड वीसपट विरळ झालं की काही हातांतून ते सुटतं आणि रिकाम्या हातांचं प्रमाण पावणेतीनशेत एकाच्या आसपास जातं. तरीही उणेच्या पट्टीवर जिथे ठसठशीत काळी रेघ उमटते, तिथे अधिकच्या पट्टीवर तिचा अंश अर्ध्या टक्क्याहून कमी उरतो आणि डोळ्याला जागा कोरी दिसते. फिल्म फार वेळ ठेवली तर पुसट सावली येईल. ती आली म्हणून घाबरायचं कारण नाही, ती या हिशेबातच आहे.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ती मी ठासून सांगणार आहे. पेप्टाइड घातल्यावर पट्टीवरची जी रेघ जात नाही, ती नक्की भलती. ती त्या हातांनी धरलेलीच नव्हती. रेघ दिसावी म्हणून नंतर घालतात त्या दुसऱ्या अँटिबॉडीचा किंवा मेम्ब्रेनचा दोष असेल. एवढं काम पेप्टाइड उत्तम करतं. पण जी रेघ जाते, ती आपल्याच प्रथिनाची, असं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. पेप्टाइड हात अडवतं. त्या हातांनी अँटिबॉडी जे जे धरत होती, बरोबर असो वा चूक, ते सगळं सुटतं. झिंक फिंगरच्या सांध्याला धरणारी अँटिबॉडी घेतली आणि तिचंच पेप्टाइड घातलं, तर शेकडो चुकीच्या रेघा एका झटक्यात नाहीशा होतील आणि प्रयोग देखणा दिसेल. निर्णायक पुरावा वेगळा आहे: ज्या पेशीतून ते जनुकच काढून टाकलं आहे, ती नॉकआउट पेशी शेजारच्या लेनमध्ये भरा. तिथे रेघ नसली तरच अँटिबॉडी खरी.

ही नुसती काळजी नाही. जगभरच्या तज्ज्ञांच्या एका गटाने २०१६ मध्ये अँटिबॉडी पारखण्याचे पाच आधारस्तंभ सांगितले. जनुक काढून पाहणं, अँटिबॉडी न वापरणाऱ्या दुसऱ्या पद्धतीशी ताडणं, दोन स्वतंत्र अँटिबॉडींची तुलना, खूण जोडलेलं प्रथिन आणि पकडून आणलेल्या प्रथिनाची वस्तुमानावरून ओळख. पेप्टाइडने अडवणं या पाचांत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटिबॉडी नॉकआउट पेशींवर घासून पाहिल्या. निम्म्याहून अधिक एका ना एका वापरात नापास झाल्या. दर प्रथिनामागे सरासरी १२ शोधनिबंध असे निघाले, ज्यांत आपलं प्रथिन न ओळखणारी अँटिबॉडी वापरली होती. निकृष्ट अँटिबॉडींवर जगभरात वर्षाला ८० कोटी डॉलर वाया जातात असा अंदाज २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये मांडला गेला होता. हा पैसा शेवटी करदात्याचा आणि रुग्णाच्या वाट्याचा.

बीसीएल-११एकडे परत येऊ, कारण तिथे चुकीला जागा नव्हती. हे प्रथिन गॅमाचं जनुक बंद ठेवतं हे २००८ मध्ये कळलं, पण नेमकं कुठे बसून, ते दाखवायला २०१८ उजाडलं. गॅमाच्या जनुकाच्या तोंडाशी टी-जी-ए-सी-सी-ए या सहा अक्षरांवर ते बसतं. डीएनएची अक्षरं चारच, म्हणून सहा अक्षरी शब्द ४०९६. दोन्ही धाग्यांची ६४० कोटी अक्षरं मोजली तर हा शब्द योगायोगाने १५ लाख ठिकाणी असायला हवा. गाटा-१ ज्या खुणेवर बसतं तिचा हिशेब तर ६० लाखांवर जातो, आणि प्रत्यक्षात ते बसलेलं आढळतं काही हजार ठिकाणी. म्हणजे हजार ठिकाणी दार, उघडतं त्यातलं एखाद-दुसरं. कुठलं उघडतं हे डीएनएचा क्रम वाचून कळत नाही, पेशीत जाऊन प्रथिन जागेवर पकडावं लागतं, आणि ते पकडणारा हात अँटिबॉडीचा. तो हात भलत्याला धरत असता तर १५ लाख जागांतून भलतीच जागा खरी ठरली असती.

पुराव्यांची ती साखळी खरी निघाली. बीसीएल-११एचं जनुक लाल पेशींत चालू ठेवणारा एक भाग आहे, आणि त्यात गाटा-१ बसण्याची खूण आहे. तिथेच क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने कात्री मारली की लाल पेशींपुरता बीसीएल-११ए कमी होतो आणि गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन परत येतं. कात्रीला वाट दाखवणारा शब्द २० अक्षरांचा. चार अक्षरांत २० जागांचे शब्द १ लाख १० हजार कोटी होतात, तेव्हा ६४० कोटी जागांत तोच शब्द योगायोगाने दुसरीकडे तंतोतंत सापडण्याची शक्यता पावणेदोनशेत एकाच्या आसपास. हा उपचार, कॅसजेव्ही, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेने मंजूर केला. अमेरिकेच्या मंजुरीच्या वेळी पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग बारा महिने तीव्र वेदनांचा झटका आला नव्हता.

किंमत २२ लाख डॉलर, त्या वेळच्या दराने १८ कोटी रुपयांच्या वर. अभोणा, दळवट, नांदुरीच्या घराला हा आकडा विश्वातल्या अणूंइतकाच लांबचा. म्हणून आज कळवणमध्ये जे हाती आहे त्याचं मोल कमी लेखू नये. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत १७ राज्यांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे उद्दिष्ट आहे. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन काही प्रमाणात वाढवणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी कॅसजेव्हीच्या मानाने अगदी स्वस्त आहे. वाहक असलेल्या दोघांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधीची तपासणी हा आकडा जोडप्याच्या हातात देते.

आणि स्वस्त उपचार यायचा असेल तर तो इथल्याही प्रयोगशाळांतून यायला हवा. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय संस्थेत हिमोग्लोबिनच्या विकारांवर दशकानुदशके काम चाललं आहे. पुण्यात पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र आणि आयसर इथे जनुकांचं नियमन हा जुना, पक्का विषय आहे. नाशिक, पुण्याच्या महाविद्यालयांत बायोटेक शिकणारी मुलं तिथे प्रबंधासाठी जातात, आणि त्यांच्यात कळवण, सुरगाणा, बागलाणची मुलंही असावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

त्यांना एवढंच सांगणं आहे. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचा ब्लॉट लावाल तेव्हा अँटिबॉडीच्या माहितीपत्रकात कुठला तुकडा टोचला होता ते आधी शोधा. तो तुकडा माणसाच्या सगळ्या प्रथिनांच्या यादीशी ताडून पाहा; संगणकावर पाच मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे. पेप्टाइडची पट्टी जरूर लावा, पण नॉकआउट पेशींची लेन तिच्या शेजारी ठेवा, आणि दोन्हींची छायाचित्रं न कापता, पूर्ण, प्रबंधात छापा. मार्गदर्शक 'एवढं कशाला' म्हणाले तरी छापा.